गप्प कागद

दोन वर्षं मी फिनलंड होते. आमच्या विभागाची ती पद्धतच होती. पहिल्या आठवड्यात सर बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावत, आणि जो देश हातात येई तो अभ्यासक्रम संपेपर्यंत आपला. वर्गात त्याच्या वतीने बोलायचं, त्याच्याबद्दलची वर्तमानपत्रातली कात्रणं कापून चिकटवायची, त्याचे शेजारी, त्याची बंदरं, त्याचे तह आणि त्याची जुनी भांडणं पाठ करायची. हळूहळू एकमेकांची नावंही तीच झाली. "ए फिनलंड, डब्यात काय?" "मेक्सिको, खुर्ची सोड." आंतरराष्ट्रीय संबंधांच्या त्या एम.ए.ला बाराच जागा होत्या. आधी लेखी परीक्षा, मग गटचर्चा, मग मुलाखत. मुलाखतीत मला विचारलं, हा विषय का? मी म्हणाले, "मला याद्या करता येतात आणि जग फार पसरलेलं आहे." टिपणीस सर हसले होते. मला वाटतं त्या हसण्यावरच माझी निवड झाली. पुढे त्या याद्यांनीच माझं काय केलं ते सांगायला बसले आहे.

आमचं घर घाटकोपरला, भटवाडीत, टेकडीच्या चढावर. एक खोली, पुढे दोन माणसं उभी राहतील एवढी गॅलरी, मागे मोरी. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. संप झाला, लांबला, आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. एवढंच लिहिते, बाकीचं इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. त्यानंतर बाबा विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला बसायचे आणि सकाळी सातला घरी यायचे. म्हणून आमचं तिघांचं एकत्र जेवण सकाळी. उकड्या तांदळाची पेज, स्टोव्हवर भाजलेला सुक्या बांगड्याचा तुकडा, लोणच्याची फोड. रविवारी घावणे आणि नारळाचा रस. त्या वेळचे आवाज मला अजून क्रमाने सांगता येतात: आधी नळावरच्या कळश्या, मग आईचा स्टोव्हचा पंप, मग शेजारच्यांचा रेडिओ, मग खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. बाबांना यातलं जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान उरले नव्हते. पण साचेखात्यातली माणसं आवाजाने बोलतच नाहीत, ती ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. बाबांची ती विद्या गिरणीबरोबर बंद झाली नाही. आईने कोपऱ्यात पुटपुटलेलं त्यांना समोरच्या भिंतीपाशी बसून कळायचं. आमच्या घरात खोटं बोलायचं असेल तर पाठ फिरवून बोलावं लागे.

विभाग अंधेरीला होता. साकीनाक्यावरून जाणारी बस मरोळच्या पुढे सोडायची, तिथून दहा मिनिटं चालत एक जुना बंगला, त्याचा वरचा मजला आमचा. खाली भाषांतराचं काहीतरी ऑफिस होतं, सतत टाइपरायटर वाजत. वर एक लांब टेबल, बारा खुर्च्या, भिंतीवर दोन नकाशे, आणि जिन्याच्या तोंडाशी हिरव्या कापडाचा सूचनाफलक. टिपणीस सर परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन आलेले. सडपातळ, कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांचं म्हणणं असं की परिषदांमध्ये भाषणं करतात ती वर्तमानपत्रांसाठी. खरे निर्णय मौनाने होतात. एक मसुदा सगळ्या देशांकडे पाठवायचा, त्यावर मुदत लिहायची, आणि मुदतीपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मान्य. आम्हाला हे पुस्तकात वाचायला न लावता त्यांनी विभागाचा कारभारच तसा चालवला. सहल, परीक्षेच्या तारखा, टेबलावर कोण कुठे बसणार, सगळ्याचा मसुदा सोमवारी सकाळी फलकावर लागे आणि शुक्रवारी चार वाजता उतरे. हरकत असेल त्याने खाली 'हरकत' लिहून सही करायची. एकाची हरकत पुरे, कारण द्यायचीही गरज नाही. आणि हरकत स्वतःसाठीच घ्यायला हवी असंही नाही. कुणीही कुणासाठी घेऊ शकतो. मुलं त्याला गप्प कागद म्हणायची.

हा कागद टाइप करणं, लावणं, शुक्रवारी उतरवणं आणि नोंदवहीत चिकटवून खाली 'हरकत आली नाही. संमत.' असं लिहून सही करणं हे काम माझं. दर सहा महिन्यांनी चिटणीस बदलायचा असं ठरलं होतं, पण सहा महिन्यांनी मी चिटणीस राहावं असा गप्प कागद लागला आणि कोणी हरकत घेतली नाही. मला आवडायचं ते काम. खोटं कशाला बोलू. अजूनही मी कपाटाच्या आतल्या बाजूला काय कुठे आहे त्याची यादी चिकटवते आणि मुलगी हसते.

उज्ज्वला घाना होती. कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये राहायची. वडील रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर, मूळ गाव फलटणकडे. वर्गातली सर्वांत हुशार तीच, यात कुणाला शंका नव्हती, आणि तिलाही नव्हती. तिच्या अक्षराला मात्र शिस्त नव्हती. तिची कात्रणं पिशवीत, पुस्तकात, कधी ओढणीच्या गाठीत. "नले, तू माझी लायब्ररी आहेस गं," असं म्हणून ती माझ्या फायली उलथ्या करायची. माझ्या फायलींना बाराखडीप्रमाणे टॅब होते आणि त्यातल्या 'उ'च्या टॅबमागे तिचे सगळे कागद मी लावून ठेवायचे, कारण नाहीतर ते हरवले असते.

ती आमच्याकडे बऱ्याचदा यायची. मी तिच्याकडे एकदाही गेले नाही. बोलावलं नव्हतं असं नाही. "ये ना गं, आई विचारते," असं ती म्हणायची आणि मी "बघते" म्हणायचे. कुर्ला आमच्यापासून बसने वीस मिनिटं. का गेले नाही याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, कारण तो प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. आज विचारते तेव्हा उत्तर सुचतं, आणि ते मला आवडत नाही. आमच्या घरी कोणी तसं काही बोललं नव्हतं. आई तिला आग्रहाने वाढायची. पण त्यांच्याकडे जेवायला जा असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि मी ते न म्हटलेलं बरोबर ऐकलं होतं.

बाबांची आणि तिची मात्र वेगळीच मैत्री जमली. बाबांना ऐकू येत नाही म्हणून लोक त्यांच्याशी ओरडून बोलत किंवा बोलतच नसत. उज्ज्वलाने पहिल्याच दिवशी आवाज बंद करून नुसते ओठ हलवले. बाबांच्या हातातली पेजेची वाटी तशीच राहिली. मग त्यांचा खेळच सुरू झाला. ती न बोलता एका देशाचं नाव घ्यायची आणि बाबा ओळखायचे.

"इटली!" बाबा म्हणायचे. "ह्या सोपा. कठीण घाल."

ती ओठ हलवायची.

"परत कर. ... बोलिव्हिया?"

"बरोबर! काका, तुम्ही आमच्या वर्गात या. आमच्या मेक्सिकोला बोलिव्हिया कुठे आहे ते ठाऊक नाही."

"खंय आसा तो?"

"मेक्सिको? मरोळला. डेन्झिल नाव त्याचं."

बाबा खोकला येईपर्यंत हसायचे. संपानंतर त्यांना असं हसताना मी दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलं नाही. एकदा उज्ज्वलाने त्यांना गप्प कागदाची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे कोण काय बोलूक नाय, तर झाला?" "झालं, काका." बाबांनी मान हलवली. "गिरणीत पण असाच झाला," म्हणाले आणि उठून हात धुवायला मोरीकडे गेले.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सरांनी सांगितलं की जिनिव्हाच्या एका संस्थेने आमच्या विभागाला दोन जागा देऊ केल्या आहेत. चार महिने, तिथल्या ग्रंथालयात काम, परिषदांना बसायचं. सगळा खर्च त्यांचा. माझ्या घरातलं कोणी तोवर विमानतळाच्या भिंतीच्या आत गेलं नव्हतं, आणि तो विमानतळ आमच्या वर्गापासून हाकेच्या अंतरावर होता. विमान उतरायला लागलं की सर वाक्याच्या मध्ये थांबायचे. वर्षभराचे गुण आणि एक मोठा निबंध धरून क्रम लागला. एक, उज्ज्वला. दोन, डेन्झिल. तीन, मी. यादी मीच टाइप केली. स्वतःच्या नावासमोर तीनचा आकडा टाइप करताना बोट जड झालं होतं हे मला आठवतं, कारण तो आकडा कागदावर जरा जास्त काळा उमटला.

पासपोर्टचे अर्ज आम्ही तिघांनी एकाच दिवशी दिले. सरांनी सांगितलं होतं की तिसऱ्यानेही तयार असावं. रांगेत उभं राहून उज्ज्वलाचे पाय दुखायला लागले, तिने चपला काढून हातात घेतल्या आणि डेन्झिल म्हणाला, "घाना, तू देशाची इज्जत घालवतेस यार." अर्ज दिल्याच्या पावत्या मिळाल्या. डेन्झिलने आपली पाकिटात ठेवली. उज्ज्वलाने आपली मला दिली.

"तुझ्याकडेच राहू दे."

"अगं, ही लागेल तुला."

"म्हणूनच तुझ्याकडे. तुझ्याकडे काही हरवत नाही."

मी घरी येऊन ती 'उ'च्या टॅबमागे लावली.

नंतर एका रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन आमच्या दारात आली. डोळे सुजलेले. तिची आजी गेली होती. घरची सगळी फलटणला निघाली होती. "उद्या नाही, पुढच्या सोमवारी येते. सरांना सांग. नोट्स काढून ठेव." आईने तिला घावणे बांधून दिले. बाबा गॅलरीत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता काहीतरी म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाली ते मला दिसलं नाही. मी तिच्या मागे उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला मसुदा दिला. जिनिव्हाहून पत्र आलं होतं. नावं लगेच हवी होती, आणि ज्यांची कागदपत्रं पूर्ण होणार नाहीत अशी नावं नको होती. सरांनी लिहिलं होतं: 'ज्या उमेदवाराचा पासपोर्ट अथवा अर्जाची पावती शुक्रवारी चारपर्यंत विभागाकडे दाखल होणार नाही, त्याची जागा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल.' मी टाइप केलं. दोन प्रती. एक फलकावर लावली. सर म्हणाले, "उज्ज्वला कुठे आहे?" मी सांगितलं. "अरेरे," ते म्हणाले. "तिने अर्ज केलाय ना?"

"हो सर."

"मग पावती कुणीतरी आणून देईल," ते म्हणाले आणि वर्गात गेले.

ते कुणीतरी मी होते. इथे मी काही सजवून सांगणार नाही. सोमवारी मला वाटलं, पावती घरी आहे, उद्या आणू. मंगळवारी ती फाइल पिशवीत घालायची राहिली. आणि मी, जिने आयुष्यात कधी काही घालायचं राहू दिलं नाही, मी तेव्हा स्वतःला म्हटलं की राहिली. डेन्झिलने आपली पावती दाखल केली. मी माझी दाखल केली. म्हणजे मंगळवारी सकाळी मी त्याच फाइलमधून 'न'च्या टॅबमागची माझी पावती काढली होती, आणि 'उ' ओलांडूनच बोट 'न'पर्यंत जातं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डेन्झिल माझ्या शेजारी येऊन बसला.

"उज्ज्वलाची पावती कुठाय गं? तुझ्याकडे दिली होती ना तिने?"

"बघते," मी म्हणाले.

"बघ हां. नाहीतर वाट लागेल तिची." तो माझ्या डब्यातलं लोणचं उचलून गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी बघते म्हटलं होतं, आणि माझ्या 'बघते'वर विभाग चालायचा. त्या चार दिवसांत फलकासमोरून मी किती वेळा गेले असेन. पेन कायम माझ्या कानामागे. 'हरकत', चार अक्षरं आणि सही. पावती नसती आणली तरी चाललं असतं.

शुक्रवारी सकाळी मी बाबांसमोर पेज घेऊन बसले होते. आई मोरीत भांडी घासत होती. मी जेवत नव्हते. आज सरांना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. सर, पावती माझ्याकडेच आहे, राहून गेलं, सोमवारी देते, चालेल का. सर, तिची पावती. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"कोणाची पावती गो?"

माझे ओठ हलत होते. मी पाठ फिरवायला विसरले होते.

"काय नाय, बाबा. कॉलेजचं."

"त्या चेडवाची?"

उज्ज्वलाला ते चेडू, म्हणजे मुलगी, असंच म्हणायचे. मी वाटीत बघत राहिले. वर पाहिलं असतं तर त्यांनी सगळं वाचलं असतं. खालच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला. बाबा म्हणाले, "बोलाचा असात तर बोलान टाक. चार वाजाची वाट बघू नको." मग त्यांनी माझी वाटी ओढून घेतली, गार झालेली पेज आपल्या वाटीत ओतली आणि संपवली.

चार वाजता मी कागद उतरवला. पावती माझ्या पिशवीत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: त्या दिवशी मी ती घेऊन गेले होते. टाचण्या काढल्या, कागद टेबलावर आणला, नोंदवही उघडली. सर खिडकीपाशी चहा पीत होते. "फिनलंडला काही म्हणायचं आहे?" त्यांनी विचारलं. ते असं नेहमीच विचारायचे, दर शुक्रवारी, सवयीने. वरून विमान उतरत होतं, म्हणून आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मला उत्तर द्यायला तेवढा वेळ मिळाला. विमान गेलं.

"नाही सर."

'हरकत आली नाही. संमत.' लिहिलं. सही केली. शनिवारी दोन नावं टेलेक्सने गेली.

सोमवारी उज्ज्वला आली तेव्हा वर्ग भरत होता. नवीन मसुदा मी लावला होता, पण निकालाचा कागद रिवाजाप्रमाणे त्याच्या शेजारी आठवडाभर राहायचा. मी टेबलाच्या लांबच्या टोकाला होते. तिने खांद्यावरची पिशवी न काढता तो वाचला. पहिल्यांदा भरभर, मग सावकाश, शेवटी माझ्या सहीपर्यंत. मग वळली. आमच्या दोघींच्या मध्ये दहा माणसं, खुर्च्या ओढण्याचे आवाज, खालचे टाइपरायटर. तिने आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, बाबांसमोर हलवायची तसे, स्पष्ट, सावकाश.

पावती?

मी मान हलवली. हो, आहे.

जिन्यात ती माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल.

"कुठे होती?"

"फाइलमध्ये."

"'उ'मध्ये?"

"हो."

"बरोबर ठेवलीस मग." ती हसली, आणि ते हसू मी विसरू शकलेले नाही. "मला वाटलं हरवली असेल. येताना कागद वाचला ना, तेव्हा पहिल्यांदा तेच मनात आलं. बिचारीकडून हरवली असेल, आता किती वाईट वाटत असेल हिला."

"तू नव्हतीस गं," मी म्हणाले. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

"मी नव्हते. पावती होती."

"मी सांगते सरांना. आत्ता जाऊन सांगते."

"सांग ना."

तिने जिन्यात बाजूला होऊन मला वाट दिली. वर सरांची खोली, सहा पायऱ्या. ती भिंतीला टेकून थांबली, मी जाईन याची वाट बघत. आणि मी उभी राहिले. टेलेक्स गेलाय, आता काय उपयोग, सरांची पद्धत आहे, संमत झालेलं ते उघडत नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यात क्रमवार, नीट टाइप केल्यासारखं येत होतं. दुसरा टेलेक्स जाऊ शकला असता का, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंच नाही. थोड्या वेळाने तिने पिशवी सरळ केली.

"अगं, मी तुला कुठे ठेवायला दिली होती? तुझ्या फाइलला दिली होती," ती म्हणाली. "फाइलने काही केलं नाही बघ."

ती वर्गात गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. सरांनी तिला विचारलं असावं. तिने काय सांगितलं कोण जाणे. माझं नाव घेतलं नाही एवढं नक्की, कारण सर माझ्याशी शेवटपर्यंत तसेच वागले आणि मला चिटणीस म्हणून फार उत्तम शिफारसपत्र दिलं. डेन्झिलने मात्र मला फिनलंड म्हणायचं सोडलं. जिनिव्हात चार महिने आम्ही एका इमारतीत राहिलो आणि तो मला नलिनी म्हणायचा, अदबीने. उरलेलं सत्र उज्ज्वला घानाच्या वतीने नेहमीइतकंच चांगलं बोलली. माझ्या फायलींना तिने परत हात लावला नाही. तिची कात्रणं पुन्हा पिशवीत, पुस्तकात, हरवत राहिली.

मी निघाले त्या दिवशी आईने शेजाऱ्यांना बोलावलं होतं, हार आणला होता. बाबा पाळी बदलून विमानतळावर आले. आत जायच्या आधी मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला तरी शोधत असल्यासारखं, आणि एवढ्या गर्दीत, मोठ्याने, कारण त्यांना आपला आवाज कळत नसे, विचारलं, "त्या चेडवाचा काय झाला?"

मी पाठ फिरवून म्हणाले, "आजारी आहे."

जिनिव्हाबद्दल लिहायचं ठरवलं होतं, टिपणंही काढली होती, पण लिहिण्यासारखं फार नाही. तळं होतं. थंडी होती. परिषदेच्या शेवटच्या रांगेत बसून मी लोकांना गप्प राहताना बघितलं. परत आल्यावर परराष्ट्र खात्याची परीक्षा मी दिली नाही. मुलुंडच्या एका निर्यात कंपनीत कागदपत्रं बघायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाबा मी आल्यावर चार वर्षांनी गेले. त्यांनी देशांचा खेळ पुन्हा कुणाबरोबर खेळला नाही. एकदा मी त्यांच्यासमोर बसून ओठ हलवले, बोलिव्हिया. त्यांनी मान वळवून गॅलरीबाहेर पाहिलं. कदाचित कळलं नसेल. डोळेही अधू झाले होते.

आता आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या रंगापर्यंत कुठलाही ठराव असला की मी यादी घेऊन सगळे मजले चढते आणि प्रत्येक दारात 'हो' किंवा 'नाही' तोंडाने वदवून घेते. चौथ्या मजल्यावरचे शहा म्हणतात, "परबबेन, नोटीस लावली ना, कोणी बोललं नाही म्हणजे मंजूर. कशाला पाय दुखवता?" मी म्हणते, तुम्ही बोला, मी लिहिते. लोकांना तो माझा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

काही वर्षांपूर्वी घर बदलताना जुन्या फायली निघाल्या. 'उ'च्या मागे पावती होती, घडीवर पिवळी पडलेली. उज्ज्वला साताऱ्याला कॉलेजात शिकवत होती आणि तिथेच निवृत्त झाली, एवढं डेन्झिलकडून कळलं. पत्ताही त्यानेच दिला, काही न विचारता. मी पत्र लिहिलं. तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा अर्धं पान झालं, तेवढंच ठेवलं. शुक्रवारी ती पावती माझ्या पिशवीत होती, हेही त्यात लिहिलं. माफी मागितली. बरोबर पावती जोडली. पोचपावतीसह रजिस्टर केलं, कारण मला तसंच येतं.

दहा दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर तिची सही आहे, तशीच बेशिस्त, रेघेच्या बाहेर गेलेली. पत्राचं उत्तर आलं नाही. आता आठ वर्षं झाली. कार्ड मी 'उ'च्या मागे लावून ठेवलं आहे. मुलगी म्हणाली, "अगं आई, मिळालं तिला, काही बोलली नाही, म्हणजे तिने सोडून दिलं."

मी तसं धरत नाही.